सुईवरचं टोपडं

माझी क्रोशाची सुई त्या बाईंनी नेली ती नेलीच. इतकी वर्षं झाली, आता सोड की, असं घरातले म्हणतात. का म्हणून सोडू? ती सुई माझ्या आईची होती. पोलादी, बारीक, आणि अंगठा टेकायची जागा आईच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेली. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी आई गेली. तिच्या दागिन्यांचं काय झालं ते विचारू नका. सुई मात्र मी भांडून मागून घेतली होती. आणि ती एका सरकारी बाईंनी भर दुपारी, चार बायकांदेखत माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या अंबाड्यात खोवली. वर म्हणाल्या, "आता न्हाई मिळायची."

त्या आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. ताम्हिणीच्या अलीकडे माझं सासर. गावाच्या टोकाला दोन खोल्यांचं कौलारू उपकेंद्र होतं, तिथं त्या राहायच्या आणि तिथंच बाळंतपणं करायच्या. बुटक्या, रुंद हाडाच्या, आणि आवाज असा की पल्याडच्या खाचरात भात लावणाऱ्या बायकांनी मान वर करून बघावं. पांढरं लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, पायात पुरुषी गमबूट आणि अंबाड्यात आडव्यातिडव्या विणायच्या सुया. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाईंच्या डोक्यातून काहीतरी आरपार गेलंय. मला तर शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं.

सुयासुद्धा विकतच्या नव्हत्या. आमच्याकडे छत्री एक पावसाळा निभावली तर नशीब म्हणायचं. कुणाची छत्री मोडली की बाई ती मागून न्यायच्या, काड्या सुट्या करायच्या आणि उपकेंद्राच्या पायरीवर घासून घासून त्यांना टोक आणायच्या. लोकर यायची पुण्याच्या जुन्या बाजारातून. तिथून फाटके स्वेटर आणायचे, उसवायचे, लोकर पिळून वाळवायची. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीतल्या एकाही पोराचं टोपडं एका रंगाचं नव्हतं. अर्धं हिरवं, अर्धं तपकिरी, मधे एक जांभळी ओळ. बाळं कसली, पोपट दिसायची.

आणीबाणी नुकतीच सरली होती. आरोग्य खात्याचं माणूस दिसलं की बाप्ये रानात पळायचे आणि बायका आतून कडी लावून घ्यायच्या. नसबंदीच्या ऑपरेशनला धरून नेतील ही धास्ती. साहेब लोक जीप घेऊन यायचे आणि रिकामं गाव बघून परत जायचे. ह्या बाई मात्र लोकरीचा गुंडा घेऊन कुणाच्याही पडवीत जाऊन बसायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत, नुसत्या विणायच्या. मग आतली कडी हळूच निघायची, कारण काय चाललंय ते बघितल्याशिवाय बाईमाणसाला राहवतंय थोडंच? एकदा का ती जवळ येऊन बसली की सुया तिच्या हातात. पोटुशी बाई असेल तर सुटकाच नाही. तपासायला आली तर पहिला प्रश्न ठरलेला, "आधी इणकाम दाखव, मग पोट दाखव." विणकाम झालं नसलं तर रक्ताच्या गोळ्या द्यायच्या, पण शिव्यांबरोबर द्यायच्या.

बाईंना टोपड्यांचं एवढं वेड का, यावर गावात कथा होत्या. म्हणे त्यांचं स्वतःचं पोर थंडीनं गेलं. म्हणे नवऱ्यानं टाकलं. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बाईनं एखादं काम नेटानं केलं की तिच्या पाठीमागं एक मेलेलं पोर उभं करायलाच हवं का? तलाठी सरळ वागला तर कुणी विचारत नाही, बाबा रे, तुझं कोण गेलं म्हणून. बाईंचा नवरा पौडला चांगला धडधाकट होता, शाळेत शिपाई होता, आणि शनिवारच्या एसटीनं बायकोसाठी सुके बोंबील घेऊन यायचा. दोन मुलगे होते, दोघंही दांडगे. झालं समाधान?

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोटातल्या बाळासाठी आमच्याकडे आधी काही शिवत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, दुपट्याला दोराही लावायचा नाही. तयारी दिसली की दृष्ट लागते म्हणतात. बाळ आलं की कुणाचं तरी जुनं, मऊ लुगडं फाडायचं आणि त्यात गुंडाळायचं. उन्हाळ्यात हे ठीक. पण आमच्या भागात श्रावणातलं जुनं लुगडं म्हणजे ओलं लुगडं. चुलीवर दोरी बांधून वाळत घातलं तरी दमटच. आदल्या श्रावणात माझ्या मोठ्या जावेचं पोर आमच्या मागच्या खोलीत तिसऱ्या दिवशी गेलं. नर्सबाई म्हणाल्या, ओल्या फडक्यात गारठून गेलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, थोरलीनं सातव्या महिन्यात चोरून झबलं शिवलं होतं, त्यानं गेलं. पोर एक, कारणं दोन, आणि त्या दोन कारणांच्या मधे माझं पोट वाढत होतं. माहेर कासार आंबोलीला, पण आईच नाही तर पहिल्या बाळंतपणाला जायचं कुणाकडे?

ह्या रितीवर बाईंनी काढलेला तोडगा मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. टोपडं आधी विणायचं, पण पुरं करायचं नाही. सगळ्या सुलट टाक्यांची एक रुंद पट्टी विणत न्यायची आणि शेवटच्या ओळीचे टाके सुईवर तसेच उघडे ठेवून द्यायचे. बाळ जन्मलं की पट्टी मधोमध दुमडायची, समोरासमोरचे टाके एकमेकांत बंद करायचे. मागची शिवण तयार होते आणि क्षणात टोपडं उभं राहतं. बाई म्हणायच्या, "सुईवर हाय तवर ती लोकर. सुईवरनं उतरली की टोपडं." सासवांना हे पटलं. घरात लोकर असायला कुठल्या देवाची ना असणार?

पण त्यामुळे बाईंना एकच धास्ती असायची, की कुणी उतावळी टाके बंद करून बसेल. पौडच्या स्टँडवरून एसटी सुटताना, खचाखच भरलेल्या गाडीत, पुढच्या दाराकडून मागच्या बाकापर्यंत त्यांनी मला ओरडून विचारलं होतं, "क्रोशेवाले! मिटवलं न्हाईस न्हवं?" सगळी गाडी वळून माझ्या पोटाकडे बघायला लागली. कंडक्टरनं तिकीट फाडायचं थांबवलं. मी खिडकीबाहेर तोंड केलं तर ह्या पुन्हा, "अगं, उगडंच हाय ना?" उघडंच आहे म्हणून मी किंचाळले तेव्हा कुठे गाडी हलली. लाज म्हणून काही चीज असते की नाही?

क्रोशेवाली हे नाव त्यांनी मला पहिल्या दिवशी ठेवलं. मी उपकेंद्रावर गेले ती तोऱ्यातच गेले. तोरा का नसावा? माझ्या रुखवतात क्रोशाचा मोर होता, पिसाऱ्यासकट. तोरण होतं, ताटांवरचे रुमाल होते, आणि मांडवातल्या बायका माझ्या नवऱ्याला सोडून माझा मोर बघत होत्या. मी बाईंना म्हटलं, "मला ह्या दोन सुयांची गरज नाही. क्रोशाचं टोपडं मी एका दुपारी करून देते." आणि सुई काढून भराभर चार साखळ्या, चार खांब घालून नमुना करून दाखवला.

बाईंनी तो नमुना उजेडाकडे धरला आणि जाळीतून करंगळी आरपार घातली. "पोराला जाळ्यात घालतीस व्हय? मासा हाय का त्यो?"

बायका हसल्या. मी म्हटलं, "मग घट्ट विणते, मुके खांब घालते."

"घाल की. पर ते अर्ध्यावर ऱ्हाईल का?"

इथं मात्र त्यांनी मला बरोबर पकडलं. क्रोशात एकच टाका उघडा असतो. बाकीचे जागच्या जागी मिटत जातात. कुठंही थांबा, हातात असतो तो तुकडा पुराच असतो. दोन सुयांच्या विणकामात उलट, सगळी ओळच्या ओळ उघडी, सुईच्या भरवशावर. बाईंना हवं होतं ते माझ्या क्रोशात होणारच नव्हतं. पण म्हणून माणसाची सुई हिसकावून घ्यायची? त्यांनी ती अंबाड्यात खोवली आणि माझ्या हातात छत्रीच्या दोन काड्या दिल्या.

ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवणं सोपं. माझे हात आधीच शिकलेले होते आणि ते मुळीच ऐकत नव्हते. क्रोशात धागा डाव्या हातात असतो. इथं बाई म्हणायच्या, उजव्यात घे. मी विसरून डाव्यात घेतला की बोटांवर काडी बसायची. क्रोशाच्या सुईला पुढं आकडा असतो, तो धागा ओढून आणतो. ह्या काडीला आकडा नाही, टोक टाक्यातून जायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. नमस्काराला गेलेल्या माणसानं देवळातून चप्पल न घेता परत यावं, तसं. आणि ते उघडे टाके! एक निसटला की शिडी पडत सरळ खालच्या ओळीपर्यंत. मी विणकाम खाली ठेवून पाण्याला गेले तरी जीव त्या सुईवर टांगलेला. शेजारची अडाणी पोर, जिनं जन्मात कधी सुई धरली नव्हती, ती आठवड्यात सरसर विणायला लागली, आणि मी, मोरवाली, तिथंच अडखळत.

"सैल सोड," बाई म्हणायच्या. माझा हात आवळ. क्रोशाला आवळ हात लागतो, त्याशिवाय मोर उभा राहत नाही. पण सुईवर टाके आवळले की दुसरी सुई आत शिरत नाही. "सैल सोड ग. गळा दाबतीस काय लोकरीचा? सैल, सैल!" हे मी उठता बसता ऐकलं. चूल पेटवतानासुद्धा कानात तेच.

आणि त्यांना वाटायचं की विणकामावरून त्यांना बाईचं सगळं कळतं. माझी पट्टी हातावर घेऊन, ओळीवरून बोट फिरवून सगळ्यांसमोर सांगायच्या, "हितं रडलीस. हितं नवरा आल्ता. हितं सासूनं बोल लावला." मी रडले नव्हते, मांजर लोकर घेऊन माळ्यावर पळालं होतं आणि मी ती ओढत होते. नवरा आला होता हे खरं, पण तो तहसील कचेरीत कारकून असल्यानं दर रविवारीच यायचा, त्यात ओळखायचं काय? पण बाकीच्या बायका तोंडावर पदर घेऊन माना डोलवायच्या, जशी काही बाई पोथीच वाचून दाखवतायत.

शेवटी पट्टी पुरी झाली. ती मी ट्रंकेत, साड्यांच्या खाली, सुईसकट ठेवली. आणि मला चैन पडेना. दिवसातून चारदा ट्रंक उघडून बघायची, टाका निसटला तर नाही ना. एवढं केलेलं काम असं तोंड उघडं टाकून ठेवायचं हे माझ्या हातांना पटतच नव्हतं. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पट्टी दुमडली आणि एका टाक्यावरून दुसरा उडवत उडवत सगळी ओळ बंद करून टाकली. बंद कसं करायचं ते बाईंनी अजून मला शिकवलं नव्हतं. क्रोशा येणाऱ्या बाईला बंद करणं शिकवावं लागत नाही. मुठीएवढं टोपडं तयार झालं. मी ते मुठीवर चढवून बघितलं आणि महिन्यात पहिल्यांदा मला शांत वाटलं.

आत्याबाईंना ते सापडलं. कोरडं फडकं शोधायला त्यांनी ट्रंक उघडली होती. त्या ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते. पण त्या ट्रंकेपाशी बसूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "थोरलीचं बगून बी तुला कळलं न्हाई का ग?" आणि संध्याकाळपर्यंत ठरलं. आता उपकेंद्र नको, नर्सबाई नको. बाळंतपण घरात, मागच्या खोलीत, सुईणीच्या हातानं, देव्हाऱ्याच्या पाठीला. चूक झालीच आहे, तर निदान देवाच्या नजरेबाहेर जायला नको. रविवारी नवरा आला. मी त्याला मागच्या खोलीत नेऊन भिंत दाखवली. हात लावला तर तळवा ओला होत होता. तो म्हणाला, "आई म्हणती तर राहू दे या वेळी." या वेळी! पुढच्या वेळी आपण वेगळं पोर गारठवू. ह्यांचा शिक्का तालुक्यावर चालायचा, घरात शाईसुद्धा उमटायची नाही.

दोन दिवसांनी बाई आल्या. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. गमबूट चिखलानं भरलेले, पडवीत आल्या आणि खाली बसल्या. त्या बौद्ध समाजातल्या. आमच्या घरात त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप फक्त त्यांच्यासाठी ठेवलेला होता. आत्याबाईंनी त्यात वरून चहा ओतला. बाईंनी तो प्यायला, वळचणीच्या धारेखाली कप धुतला आणि कोनाड्यात परत ठेवला. मग म्हणाल्या, "मावशी, ते टोपडं आना बगू."

आत्याबाईंनी दोन बोटांत धरून आणलं आणि बाईंच्या पुढ्यात टाकलं. बाईंनी ते उलटंपालटं केलं, धाग्याचं टोक शोधलं आणि ओढलं. सर्र. एक ओळ गेली. सर्र, दुसरी.

"अहो बाई!" मी दारातून ओरडले.

"गप," बाई म्हणाल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझा सगळा महिना माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या मांडीवर उसवत होता. मी काही बोलायला गेले तर आत्याबाईंनी हात वर केला. शेवटचा टाका सुटला. बाईंनी लोकर बोटांवर गुंडाळली, गुंडा केला आणि आत्याबाईंच्या ओटीत टाकला. "बगा, मावशी. टोपडं कुटं हाय? लोकर हाय."

आत्याबाईंनी गुंडा हातात घेतला. दाबून बघितला, वास घेतला. "लोकरच हाय म्हना," त्या म्हणाल्या.

"मंग दिवस भरलं की हिला तिकडं पाठवा."

"देव हितं हाय, बाई."

"देव हाय. पर मागच्या खोलीच्या भिंतीला वल हाय, मावशी. तितं एक पोर ठिवून बगितलंत." बाईंचा आवाज मी तेवढा खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "दुसरं नगा ठिवू."

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तो काढलाच नाही. पदराआडूनच म्हणाल्या, "न्या."

मी बाईंच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेले. मला त्यांचे आभार मानायचे नव्हते, भांडायचं होतं. "माझं काम होतं ते. उसवायच्या आधी मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

"तुला काय इचारायचं? तू मिटवून मोकळी झालीस."

मग मी दुसरंच काढलं, आणि ते जास्त खरं होतं. "आणि तुम्ही तो कप कशाला धुता? तुमच्या हातची लोकर त्यांना ओटीत चालते आणि पाणी चालत नाही?"

बाई हसल्या. "लोकरीला इटाळ न्हाई ग. ठावं न्हाई तुला? सोवळ्यातली मानसं लोकरीची धाबळी नेसत्यात ती का? म्या सुती टोपडं दिलं असतं तर उंबऱ्याच्या आत गेलं असतं का? म्हून तर म्या लोकर धरली." आणि गमबूट आपटत चिखलातून निघून गेल्या.

त्या हसल्या, मला हसू आलं नाही. आजही येत नाही. बाळंतपणाला त्यांचा हात चालायचा, कारण बाळंतपण मुळातच विटाळाचं. आणि टोपडं चालायचं, कारण लोकर मुळातच सोवळी. म्हणजे ह्या दोन फटींतून एका शहाण्या बाईनं घराघरांत शिरायचं, पोरं वाचवायची, आणि जाताना आपला कप आपण धुवायचा. यावर गाव काय म्हणायचं? बाई जरा तऱ्हेवाईक आहे म्हणायचं!

मी पुन्हा विणायला बसले, त्याच वाकड्या झालेल्या लोकरीनं. पट्टी चार बोटं कमी होती तोवरच कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधी. घोंगडी डोक्यावर घेऊन मी आणि आत्याबाई पावसातून उपकेंद्रावर पोचलो. सुया आत्याबाईंनी पदराखाली धरल्या होत्या, टाके सांभाळत. दुपार होती, पण आत कंदील लावावा लागला. स्टोव्हवर पाणी, कोपऱ्यात शेगडी, खोली कोरडी खडखडीत. आणि बाई माझ्या पायाशी उभ्या राहून काय ओरडतायत? "सैल सोड ग! टाका आवळतीस तसं आवळू नगंस! सैल!"

मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मरणाच्या कळा येतायत आणि ह्या बाईला विणकाम सुचतंय! पण महिनोन्‌महिने त्या एका शब्दाला खांदे खाली टाकायची अंगाला सवय झाली होती. बाई "सैल" म्हणाल्या की माझं मन शिव्या देत होतं आणि अंग ऐकत होतं. मुलगी झाली. इवलीशी, सशाएवढी, ओठ निळसर.

बाईंनी तिला पुसलं, कोरड्या फडक्यात गुंडाळून शेगडीपाशी धरलं, चोळलं. ती रडली, पण अगदी बारीक. मग बाईंनी अंबाड्यात हात घातला, माझी सुई काढली, स्पिरिटनं पुसली आणि माझ्यापुढं धरली. "घे तुजा आकडा. कर बंद."

"तुम्हीच करा!" माझ्यात उठून बसायचं त्राण नव्हतं.

"आईनं मिटवायचं. तुला लई घाई हुती न्हवं मिटवायची? मंग आता मिटव. डोकं उगडं हाय तिचं."

उशाला गोधडी लावून त्यांनी मला बसवलं. पट्टी कमी होती, पण डोकंही तेवढंच होतं. मी पट्टी दुमडली, समोरासमोरचे दोन टाके आकड्यात घेतले आणि धागा ओढला. छत्रीच्या काडीनं इतके दिवस छळलेल्या बोटांना आईची सुई लागली. हात चुकत नव्हते. मात्र घाईनं, भीतीनं, रागानं मी एकेक टाका असा आवळत होते की शिवण गोळा व्हायला लागली.

"सैल!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की बाहेर बसलेल्या आत्याबाई आत आल्या. "टोचंल तिला मागं! सैल सोड!"

मी सोडलं. उरलेली शिवण पुरी केली आणि त्याच धाग्याची साखळी घालून दोन बंद काढले. साखळी घालताना मात्र बाई काही बोलल्या नाहीत. एवढी एक दाद मला त्यांच्याकडून मिळाली. टोपडं आत्याबाईंनी घातलं, स्वतःच्या हातानं, कान झाकून, हनुवटीखाली गाठ मारून. मग पोर छातीशी धरून शेगडीपाशी बसल्या त्या हलल्याच नाहीत. हळूहळू ओठांचा निळा रंग गेला.

बाईंनी चहा केला. गोष्टीत असतं तर आत्याबाईंनी त्या दिवशी तो घेतला असता. त्यांनी घेतला नाही. पोट भरलंय म्हणाल्या, सकाळपासून पोटात काही नसताना. मी घेतला. माझं कौतुक नको, मला सपाटून भूक लागली होती.

आणि मग बाईंनी माझी सुई उचलली, पुसली, आणि पुन्हा आपल्या अंबाड्यात खोवली.

"अहो, ती माझी आहे!"

"बंद कराय लई चांगली हाय," बाई म्हणाल्या. संपलं. तेव्हापासून पंचक्रोशीतलं प्रत्येक टोपडं माझ्या आईच्या सुईनं बंद व्हायला लागलं. मी दरवेळी मागायची, आणि दरवेळी कुणीतरी अडलेली असायची.

काही वर्षांनी त्यांची बदली झाली, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. ऑपरेशनचे आकडे भरत नव्हते म्हणे. किती पोरं पावसाळ्यातून जगली, हा रकाना त्या कागदावर नव्हता. गावातून निरोपाला कोण गेलं? त्यांनी ज्यांची बाळंतपणं केली त्यांतली एकही दिसली नाही. लावणीचे दिवस होते हे कारण सगळ्यांकडे तयार होतं. मी मुलीला कडेवर घेऊन पौडच्या स्टँडवर गेले. मोर काढलेला क्रोशाचा रुमाल नेला होता, माझ्या हातून झालेला सगळ्यात नाजूक. बाईंनी तो उजेडाकडे धरला.

"भोकं लई हायेत," त्या म्हणाल्या. घडी करून पोलक्यात ठेवला.

"बाई, माझी सुई."

त्यांनी अंबाड्याला हात लावला. क्षणभर मला वाटलं, देतायत. "तिकडं बी लागंल ग," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. खिडकीतून हात काढून मुलीचे कान चाचपले, गार आहेत का ते बघायला. मग गाडी गेली. चोर ते चोरच, मी अजूनही म्हणते.

टोपडं माझ्याकडे आहे, त्याच ट्रंकेत. हिरवं, तपकिरी, मधे एक जांभळी ओळ. मागची शिवण बघितली तर सुरुवातीचे टाके दातओठ खाऊन आवळलेले आहेत, लोकर तिथं चुणून गेली आहे. मग एका जागी शिवण एकदम मोकळी होते आणि शेवटपर्यंत मोकळीच राहते. मागं मुलगी तिच्या पहिल्या बाळंतपणाला आली होती, तेव्हा तिनं ट्रंक उपसताना ते काढलं आणि त्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "आई, इथं काय झालं?"

"तिथं बाई ओरडल्या," मी म्हटलं.